पांढरी गुंडी

फरहीनचा फोन दुपारी चारला आला तेव्हा मी सुपात तूर निवडत बसले होते. माझी ही नात पुण्यात असते आणि कामाच्या वेळी कधी फोन करत नाही.

"दादी, पाच वाजता डबा फिरणार आहे," ती म्हणाली. "जळबाकाकांच्या वेळी दादा काय बोलले होते? मला शब्द न् शब्द सांग."

सूप मांडीवरून घसरलं. तूर फरशीभर झाली.

तिचे दादा, म्हणजे माझे यजमान, दर्जी होते. ते असेपर्यंत त्यांचं नाव मी तोंडानं घेतलं नाही. आता लिहिते, कय्युम. कळमनुरीच्या बाजारगल्लीत आमच्या घरापुढं पत्र्याचा सायवान, म्हणजे बाजूंनी उघडं छप्पर, होता. पंचाहत्तर सालच्या सुमारास कय्युमनी तिथं एकेक दर्जी बोलावून घेतला, कारण सगळे आपापल्या काळोख्या खोलीत एकटेच मशीन मारत बसायचे. सहा मशिनी झाल्या. कात्री ज्याची त्याची. इस्त्री, कोळसा आणि चहा सगळ्यांचा. पत्रे आमचे होते, पण मालक कुणी नव्हता. नवा माणूस बसवायचा किंवा बसलेला उठवायचा, तर खडूचा रिकामा डबा फिरायचा. पांढरी गुंडी टाकली तर बसू द्या, काळी टाकली तर उठवा. ज्याच्यासाठी डबा फिरे त्याला गुंडी नाही. मी मराठी शाळेत मास्तरीण, म्हणून डबा उघडून मोजायचं काम माझ्याकडं. मास्तरीण खोटं मोजत नाही, असं त्या सगळ्यांचं मत.

त्यांच्यातला किसनसिंग मोठा गमत्या होता. म्हणायचा, "भाबी, तुमच्या मालकानं अशी पंचायत करून ठेवली, आता शिंकायचं म्हटलं तरी गुंडी टाकावी लागते का काय!"

फरहीन बारा वर्षांची होईपर्यंत माझ्याजवळच वाढली. तिच्या वेण्या घालताना मी हेच सांगत असे. पुढं ती पुण्याला गेली, लेकरांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला लागली. "दिवसभर भिंतीशिवाय कुणी नसतं ग, दादी," असं म्हणायची. मग तिनं स्वतःसारखी एकेकट्यानं काम करणारी माणसं गोळा केली आणि तिसऱ्या मजल्यावर एक मोठी खोली भाड्यानं घेतली. तिकडं त्याला कोवर्किंग म्हणतात. टेबल ज्याचं त्याचं; वीज, इंटरनेट आणि चहा सगळ्यांचा. चौदा माणसं झाली. दारावर तिनं पाटी लावली, 'सायवान'. माझ्या शिवणाच्या डब्यातून मूठभर पांढऱ्या आणि मूठभर काळ्या गुंड्या मागून नेल्या. त्या दिवशी मी अख्ख्या गल्लीला चहा पाजला होता.

त्या चौदातली एक मिना, आपल्या सेनगावची. ती कापडी पिशव्या शिवते. फरहीननं तिला खिडकीजवळची जागा दिली होती.

"तिच्या मशीनचा आवाज होतो," फरहीन सांगत होती. "खाली रबर घातलं, तरी होतो. लोक वाईट नाहीत ग. आमच्यातल्या नचिकेतला परवा फोनवरचा माणूस म्हणाला, तुमचं ऑफिस पिठाच्या गिरणीत आहे का? त्याचं ते काम गेलं. तो माझ्यापुढं रडला. पण मिनाला घरात पाय पसरायला जागा नाही, ती मशीन कुठं ठेवणार? मी मोजलंय, माझ्या बाजूनं तीन-चारच आहेत. जळबाकाकांच्या वेळीपण असंच होतं ना? तरी डबा उघडला तर सगळ्या पांढऱ्या. दादा आधी काहीतरी बोलले म्हणूनच ना? ते सांग."

जळबा बारदान शिवायचा. कापसाच्या व्यापाऱ्यांची पोती. तागाची धूळ उडायची आणि दुसऱ्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर बसायची. लग्नाचे पोशाख गिऱ्हाईकं परत आणून टाकायला लागली. सहा जण होते. जळबाला वगळून पाच गुंड्या पडल्या. मी डबा उघडला. चार काळ्या, एक पांढरी.

वेण्या घालताना मी ते बदललं होतं. फरहीन आठ वर्षांची होती, आणि चार काळ्या म्हणताच तिचे डोळे भरून आले. म्हणून मी म्हटलं, न्हाई न्हाई, सगळ्या पांढऱ्या! ती खुदकन हसली. मग दर वेळी तेच सांगत गेले. गोष्टीत जळबाला नांदेडला मोठं दुकानसुद्धा काढून दिलं मी.

"दादी, वेळ नाहीये. सांग ना."

तीस वर्षं मी पोरांना वक्तृत्वाची भाषणं लिहून दिलीत. अर्ध्या मिनिटात मी कय्युमच्या तोंडी एक भाषण घातलं असतं. पण ते बोलून ती त्या तेरा माणसांपुढं उभी राहिली असती, आणि डबा उघडल्यावर तिला वाटलं असतं की दादांना जमलं ते मला जमलं नाही.

"ते काहीच बोलले न्हाईत, बेटा," मी म्हणाले. "चार काळ्या निघाल्या होत्या. मीच मोजल्या."

पलीकडं कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मिनाची मशीन घरघरत होती, तीही मला ऐकू आली.

"मग दादांनी काय केलं?"

"उठले. जळबाच्या मशीनचं एक टोक धरलं. दुसरं जळबानं. मोटारस्टँडापर्यंत नेली."

"पण सायवान तर त्यांचाच होता! नाही म्हणायचं ना!"

"मीपण तेच म्हटलं होतं त्यांना. ते म्हणाले, मग उद्यापासून डबा काहून फिरवायचा?"

"आणि नांदेडचं दुकान?"

"न्हाई. मशीन विकली त्यानं. कापसाच्या जिनिंगवर हमाली केली. ईदला यायचा, शीरखुर्मा रस्त्यावर उभ्यानं प्यायचा. पत्र्याखाली पुन्हा पाय ठेवला न्हाई."

ती हळूच म्हणाली, "आणि हे तू मला आज सांगून राहिलीस."

फोन बंद झाला. मी दोनदा लावला, तिनं उचलला नाही. गुडघे टेकून तूर गोळा करत बसले. फटीतले दाणे सुईनं काढले. पाच वाजले, साडेपाच वाजले. मास्तरीण खोटं मोजत नाही, पण सांगताना किती खोटं सांगते, हे कुणी विचारलंच नव्हतं.

मगरिबची अजान झाल्यावर फोन वाजल्यासारखा झाला. कुणीतरी वरून काढलेला फोटो होता. अरुंद जिना, मधोमध टेबलासकट मशीन. वरचं टोक मिनानं धरलं होतं, खालचं फरहीननं. चेहरे खाली होते. फोटोखाली लिहिलं होतं, "तेरा गुंड्या. पांढऱ्या चार."

मी चष्मा पुसून एकेक अक्षर शोधत लिहिलं, "आता मिना कुठं बसणार?"

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "माहीत नाही, दादी. अजून दुसऱ्या मजल्यावरच आहोत."