कुंपणावरचं हिरवं कापड

गिरिजाबाईंनी नागपुरात उभी हयात चौथीच्या पोरांना शिकवलं. त्यामुळे लेकीकडे, अमेरिकेतल्या त्या डोंगराळ गावात आल्यावरही त्यांना स्वस्थ बसवेना. शनिवारी नात अनिका आणि शेजारचा शिव यांना घेऊन त्या विमानतळाच्या कुंपणाशी जात.

विमानतळ छोटासाच, नगरपालिकेचा. तिथे विमानांना सूचना देणारा मनोरा नव्हता. ‘तू ये, तू थांब’ म्हणणारं कुणी नव्हतं. म्हणून उतरण्याआधी वैमानिकच रेडिओवर सांगायचा, मी अमुक, इथे आहे, या बाजूने उतरतोय. बाकीचे ऐकायचे आणि वाट द्यायचे. कुंपणाबाहेर एक लाकडी बाक होता, शेजारच्या खांबावर स्पीकर. त्यातून सगळं बोलणं ऐकू यायचं.

“सांगा, आता विमान कुठून येईल?”

“डोंगराकडून, आजी. बिकॉज वारा नदीकडून येतोय,” अनिका म्हणायची.

“मग?”

“विमानाला वारा तोंडावर लागतो,” शिव घाईने सांगायचा.

एका शनिवारी बघतात तो बाक नाही, स्पीकर नाही आणि कुंपणावर या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं कापड. शिवने कापडाला डोळा लावला, तेवढ्यात गोल्फ कार्टमधून विमानतळाचा मॅनेजर आला.

“जेटने येणाऱ्या पाहुण्यांना प्रायव्हसी हवी असते, मॅम.”

“विमानतळ कुणाचा?” गिरिजाबाईंनी विचारलं.

“सिटीचा.”

“आणि सिटी कुणाची?”

तो हसला आणि निघून गेला. वर्गभर पोरांनी दंगा केला तरी बाईंचा आवाज कधी चढला नव्हता. ते हसणं मात्र त्यांना झोंबलं.

“मी नगरपालिकेच्या मीटिंगमध्ये बोलणार,” त्यांनी घरी जाहीर केलं.

लेकीने, नेत्राने, लॅपटॉप मिटला. “आई, प्लीज. ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे. आपलं नाव कशाला कुठे यायला हवं?”

“मी काय चोरी केलीय?”

“तसं नाही गं. आपण इथे पाहुणे.”

“टॅक्स भरताना नसतेस तू पाहुणी.”

“हळू बोल, अनिका ऐकतेय.”

“ऐकू दे. तिचाच बाक उचललाय.”

शेवटी नेत्रा तयार झाली ती एका अटीवर. “मी फक्त ड्राइव्ह करणार. आत मागे बसेन, बोलणार नाही.”

मीटिंगमध्ये माइकपाशी जाऊन आधी नाव आणि पत्ता सांगायचा असे. गिरिजाबाईंनी दोन्ही सांगितलं. अध्यक्षबाईंनी गोड आवाजात विचारलं, “तुम्ही इथल्या रहिवासी का?”

“लेकीकडे आलेय. सहा महिन्यांसाठी.”

“सॉरी. ही वेळ फक्त रहिवाशांसाठी आहे.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. गिरिजाबाईंचे कान तापले. पोरांच्या डोळ्यांवर कापड बांधायला परवानगी लागत नाही, आणि ते सोडा म्हणायला रहिवासी असावं लागतं! पण त्या माइकपासून हलल्या नाहीत. मागे वळून लेकीकडेही पाहिलं नाही. ज्या पोराला उत्तर येतं पण भीती वाटते, त्याच्याकडे रोखून बघायचं नसतं. नुसतं थांबायचं असतं.

खुर्ची करकरली. नेत्रा शेजारी येऊन उभी राहिली. तिने नाव सांगितलं, पत्ता सांगितला. मग माइक स्वतःकडे वळवला.

“आपल्या विमानतळावर लहानातलं लहान विमानसुद्धा उतरण्याआधी सगळ्यांना सांगतं. तुम्ही अख्खं कुंपण झाकलंत आणि गावाला एका शब्दानेही सांगितलं नाहीत. माझी मुलगी तिथे वारा ओळखायला शिकते. तो बाक कुणाला विचारून काढला?”

अध्यक्षबाईंनी टेबलाशी बसलेल्या विमानतळाच्या मॅनेजरकडे पाहिलं. विषय पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ, तोवर कापड काढा, असं ठरलं.

“गेलं माझं नाव रेकॉर्डवर,” गाडीत नेत्रा म्हणाली.

“पत्त्यासकट,” गिरिजाबाई म्हणाल्या, आणि नेत्राला हसू आवरेना.

शनिवारी कापड नव्हतं. पण बाक आला नव्हता, स्पीकरही नाही. गिरिजाबाई घरून आणलेल्या घडीच्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. त्यांचा राग काही उतरला नव्हता.

“मीटिंगमधली एवढी तोंडं मिळून एक बाक परत ठेवता येत नाही यांना.”

“पुढच्या वेळी मी आधी बोलते,” नेत्रा म्हणाली. “तू मागे बस.”

डोंगराकडून घरघर ऐकू आली. स्पीकर नव्हता, म्हणून अनिकाने तोंडाभोवती हात धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, कोण येतंय आणि कुठून.