गळाची काठी गाण्यांना गेली

काठी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला ठाऊक आहे. एक तर कुणाला आधार द्यायचा, नाहीतर कुणाच्या पाठीत घालायची. मी त्यातली नाही. मी गळाची काठी. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची, मिटली तर हातभर, उघडली तर दोन माणसांहून उंच. आता सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मासे धरणाऱ्याच्या घरात वाढले, त्यामुळे एखादं माप थोडं इकडंतिकडं होईल. तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला, काचेच्या धाग्यांतून. तिथून मी फिनलंडच्या साव्हो प्रांतातल्या एका तळ्याकाठच्या गावी आले आणि दुकानात कुऱ्हाडीचे दांडे आणि कॉफीची पाकिटं यांच्या मधोमध लटकले. एक दिवस इल्पो आला. शाळेची बस चालवायचा तो. त्यानं मला हातात घेतलं, उघडलं, हवेत धरलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

"घेतोस का?" दुकानदारानं विचारलं.

"बघतोय."

पुढच्या आठवड्यात परत आला, परत बघून गेला. तिसऱ्या खेपेला दुकानदार वैतागला. "अरे बाबा, लग्न नाही करायचंय तिच्याशी!"

"लग्नाला एवढा विचार नव्हता केला," इल्पो म्हणाला आणि मला घेऊन निघाला.

लग्न केलं होतं त्यानं हिल्काशी. घरात बोलण्याचं सगळं काम हिल्काकडे आणि गप्प बसण्याचं इल्पोकडे. दोघंही आपापलं काम मन लावून करायची. उन्हाळाभर मी आणि इल्पो होडीत. तो पाण्याकडे बघायचा, मी पाण्यावर वाकायचे, आणि कॉफीच्या जुन्या डब्यातली गांडुळं आम्हा दोघांकडे बघायची. पट्टेवाले मासे आम्ही धरले ते तळहाताएवढे. संध्याकाळपर्यंत ते कोपरापर्यंत वाढायचे. त्यात माझा दोष नाही.

माझी खुंटी बैठकीच्या भिंतीला, पण बाहेरच्या अंगानं. त्यामुळे आतलं सगळं ऐकू यायचं. मे महिन्यातल्या एका शनिवारी तर ऐकून ऐकून माझ्या नळ्या आतल्या आत खडखडायच्या. त्या दिवशी सगळ्या युरोपची गाण्यांची स्पर्धा असते. देशादेशांतून एकेक गाणं येतं, मग प्रत्येक देश दुसऱ्यांना गुण देतो, जास्तीत जास्त बारा. स्वतःला द्यायचे नसतात. नाहीतर आमच्या फिनलंडचे हाल दरवर्षी एवढे झाले नसते, असं हिल्काचं म्हणणं.

हिल्काची मैत्रीण इर्या दोन घरं सोडून राहायची. ती वेलदोड्याचे पाव घेऊन यायची आणि दोघी टीव्हीसमोर बसायच्या. झेंडे, गालांवर निळे पट्टे, सगळं साग्रसंगीत. कुठल्या साली कोण कितवं आलं, त्या वेळी गाणारीनं काय घातलं होतं, हे दोघींना तोंडपाठ.

"तळाला गेलो बाई परत!" इर्या ओरडायची.

"आणि वर कोण बघ. स्वीडन! त्यांना काय, सगळे देतात."

स्वीडन आमचा शेजारी. त्याचं बरं चाललेलं बघून आमच्याकडे लोकांना अपचन होतं. इल्पो त्या संध्याकाळी सौनात, वाफेच्या गरम खोलीत, जाऊन बसायचा. उकडून लालबुंद होऊन बाहेर यायचा तेव्हा अजून निम्मे देश गुण द्यायचे बाकी असायचे. मग तो परत आत जायचा.

यंदा मात्र वेगळंच घडलं. स्पर्धा स्टॉकहोमला होती, आणि दोघींनी अंतिम फेरीची तिकिटं मिळवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! हिल्का पोस्टमनलाही तिकीट दाखवायची. आणि एप्रिलच्या शेवटच्या बर्फावर इर्याचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि तिला चालायला शिकवतात त्या दवाखान्यात नेऊन ठेवलं.

हिल्का तिला भेटून आली ती एक लाल लोकरी मोजा घेऊन. इर्या विणत होती त्या जोडीतला हा पहिला, दुसरा हाड मोडल्यामुळे राहिला होता.

"ती म्हणते, तू जायचंच," हिल्का नवऱ्याला सांगत होती. "हा मोजा झेंड्याच्या टोकाला बांधायचा. निळ्या-पांढऱ्या झेंड्यांच्या गर्दीत लाल मोजा दिसला की ती ओळखणार. सगळ्या वॉर्डाला सांगून बसलीय, माझी मैत्रीण टीव्हीवर दिसणार म्हणून. तिथं पाउली म्हणून एक म्हातारा आहे, त्याला त्याच वेळी बर्फावरची हॉकी बघायचीय. टीव्ही एकच. शेवटी ठरलंय, गुणवाटप निम्मं होईपर्यंत मोजा दिसला नाही तर हॉकी लावायची, आणि इर्यानं तोंड बंद ठेवायचं."

"इर्यानं?" इल्पोनं विचारलं. त्याला पाउलीची कीव आली असावी.

"हसू नकोस. त्या पलंगावर पडल्यापासून ती पहिल्यांदा हसली, ती या मोज्यापायी. तो टीव्हीवर दिसायलाच हवा, इल्पो."

एवढं बोलून ती बाहेर आली आणि तिनं मला खुंटीवरून काढलं. जुनेजाणते रसिक झेंड्याला गळाचीच काठी वापरतात, हे तिला कुठून तरी कळलं होतं. हलकी असते, मिटून पिशवीत जाते.

इल्पो दारात आला. "कुठं?"

"स्टॉकहोमला."

"ती?"

"झेंड्याला."

"मासे आत्ता कुठं वर यायला लागलेत."

"मासे कुठं जात नाहीत. मी मात्र एकदाच जाणार आहे."

इल्पो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. दुकानात बघितलं होतं तसंच. मग म्हणाला, "ती एकटी नाही जाणार."

अशा रीतीनं इर्याचं तिकीट इल्पोला मिळालं. बायकोबरोबर तो गेला नसता. माझ्याबरोबर आला.

समुद्र ओलांडून बोटीनं आम्ही तिथं पोचलो. सभागृहाच्या दारावर एका तरुण पहारेकरणीनं मला पिशवीतून काढलं आणि ओढलं. मी निघाले. आणखी ओढलं, आणखी निघाले. ती मागं मागं सरकत रांगेतल्या पाचव्या माणसापर्यंत गेली तरी मी निघतच होते.

"हे काय आहे?"

"काठी," इल्पो म्हणाला.

तिनं माझा वास घेतला आणि नाक मुरडलं. "वरच्या दोनच नळ्या उघडायच्या. बाकी बंद."

म्हणजे अर्धा जन्म मिटून! इल्पोचा चेहरा पडला. पण हिल्का दाराच्या आत पोचलीसुद्धा होती.

आत काय आवाज! तळ्यावर होडीचं वल्हं जरा आपटलं तरी इल्पो दिवसभर फुरंगटून बसायचा. इथं हजारो माणसं एकदम किंचाळत होती आणि एकही पळून जात नव्हतं. सगळे चमचमते, अंगावर टिकल्या, डोक्यावर पिसं. इल्पो मात्र रानातली टोपी आणि रबरी बूट घालून आलेला. एका मुलीनं येऊन त्याचा फोटो काढून घेतला.

"काय मस्त वेश केलाय! बूटसुद्धा अगदी खरे वाटतात."

"खरेच आहेत," इल्पो म्हणाला. ती आणखीच हसली.

गाणी सुरू झाली आणि हिल्का मला हलवायला लागली. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, आपलं असो, परक्याचं असो. मोजा माझ्या टोकावर भिरभिरत होता. मला भोवळ आली. आमच्या मागं पिवळ्या चमकत्या कोटातला एक उंच स्वीडिश माणूस उभा होता, योरान नावाचा. आम्ही नेमके स्वीडनवाल्यांच्या घोळक्यात सापडलो होतो.

"बाई," तो म्हणाला, "मी हा मोजा बघायला तिकीट काढलेलं नाही."

"मग घरी बसायचं!" हिल्कानं शाळेत शिकलेल्या मोडक्यातोडक्या स्वीडिशमध्ये ठणकावलं. भांडण्यापुरती ती भाषा तिला चांगली येत होती.

गाणी संपली, गुणवाटप सुरू झालं. हिल्काच्या फोनवर इर्याचा निरोप आला. तिनं तो मोठ्यानं वाचला. "अजून एकदाही दिसला नाहीत. पाउली रिमोट मांडीवर घेऊन बसलाय. शिट्टी वाजवतोय मेला."

हिल्काचे हात गळून गेले होते. तिनं मला खाली घेतलं. "कॅमेरा इकडं बघतच नाही रे. किती हलवू?"

आणि माझा इल्पो, जो अख्ख्या उन्हाळ्यात दहा वाक्यं बोलत नाही, तो बोलला. "नुसतं पाणी ढवळतेयस. मासा कुठाय ते बघ की आधी."

त्यानं मला तिच्या हातातून घेतलं आणि अंगाशी धरून उभा राहिला. गर्दीच्या डोक्यावरून एक लांबलचक लोखंडी दांडा फिरत होता, टोकाला कॅमेरा. मला तर ती माझी थोरली बहीणच वाटली, माणसं धरणारी. इल्पो तिच्याकडे टक लावून बघत राहिला. दोन देशांचे गुण झाले, तीन झाले. आजूबाजूला सगळे झेंडे नाचत होते. मी गप्प.

"बारा ज्याला मिळतात," इल्पो हळूच म्हणाला, "त्याच्या माणसांकडं वळतो तो कॅमेरा. दर वेळेला."

"मग?"

"आपल्या भोवती कोण आहे बघ."

हिल्कानं बघितलं. पिवळे-निळे झेंडे, पिवळे-निळे गाल, मागं योरान.

"म्हणजे स्वीडनला बारा मिळायला हवेत?" तिचा आवाज चिरकला. "मी मागू? माझ्या तोंडानं? चाळीस वर्षं मी त्यांच्या नावानं बोटं मोडतेय, इल्पो!"

"मासा तिथंच येणार."

परत फोन वाजला. इर्याचा निरोप छोटा होता. "आणखी एकच देश. मग हॉकी."

हिल्कानं डोळे मिटले. मग एकदम मागं वळून योरानचा हात धरला आणि ओरडली, "स्वीडन! स्वीडन!" योरानला आधी वाटलं ही चिडवतेय. पण तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. ते बघून तो विरघळला. "ताई, इतकं आवडलं आमचं गाणं?"

"भिकार होतं," हिल्का म्हणाली. "स्वीडन!"

पुढचा देश कुठला निघावा? आमचाच! मोठ्या पडद्यावर हेलसिंकीहून गुण सांगणारी बाई हसत उभी राहिली. दरवर्षी या क्षणी हिल्का आणि इर्या एकमेकींचे हात घट्ट धरायच्या आणि म्हणायच्या, त्यांना नको देऊस, बये, त्यांना नको. आज हिल्का योरानचा हात धरून म्हणत होती, "दे गं. दे ना गं बाई."

बाईनं दिले. बारा. स्वीडनला.

छप्पर उडालं असं वाटलं. योराननं दोघांना मिठीत घेतलं. आणि लोखंडी दांडा वळला, खाली झेपावला, सरळ आमच्याकडे.

"आता," इल्पो म्हणाला.

मनगटाचा एकच झटका. होडीत देतो तसा. मी वर गेले, झेंडा फडकला, आणि मोजा गेला तो थेट कॅमेऱ्याच्या तोंडापुढे. मोठ्या पडद्यावर दुसरं काही दिसेना. लाल लोकर, टाका न् टाका. तिकडं दूर दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेला कॅमेरावाला खुर्चीतून वीतभर पुढं ओढला गेला, असं इल्पो सांगतो. मी तिथं होते. दोन विती.

मोजा बाजूला झाला तशी मागची तिघं दिसली. हिल्का उड्या मारतेय, योरान तिच्या गालाचा मुका घेतोय, आणि इल्पो रबरी बुटांत उभा, आयुष्यातला पहिला मोठा मासा लागल्यासारखा. आमच्या गावानं, तालुक्यानं आणि बहुधा साऱ्या फिनलंडनं बघितलं. स्वीडनला बारा मिळाले म्हणून आनंदानं वेडी झालेली दोन फिनिश माणसं! घरी परतल्यावर दुकानात काय काय ऐकावं लागलं ते विचारू नका. हिल्का कॉफी घ्यायला गेली की दुकानदार अजून तिच्याशी स्वीडिशमध्ये बोलतो.

पण ते नंतरचं. त्या वेळी फोन वाजला. या खेपेला निरोप नाही, खुद्द इर्या.

"दिसलात!" ती इतकी ओरडली की मलासुद्धा ऐकू आलं. "सगळ्या वॉर्डानं बघितलं! माझा मोजा! केवढा दिसला गं, कपाटाएवढा!"

मागून म्हातारा आवाज आला. "टाच जरा सैल विणलीय."

"तू गप रे, पाउली! हिल्का, ऐक. मी उभी राहिले. तुम्हाला बघून उभीच राहिले मी, कुणाला न धरता. नर्स धावत आली. आता सगळं सांग मला. तिथं कसं आहे? वास कसला येतो?"

हिल्कानं रंगमंचाकडं पाठ केली, एका कानात बोट घातलं आणि सांगायला लागली. दिवे कसे, पिसं कशी, पहारेकरणीनं काठीचा वास कसा घेतला, योरानच्या कोटाला किती टिकल्या. इल्पो फोनला दुसऱ्या बाजूनं कान लावून उभा. मध्येच म्हणाला, "बूट खरे आहेत, ते सांग तिला."

योरानच्या मिठीत माझी वरची नळी तडकली. आता तिच्यावर निळी चिकटपट्टी आहे आणि मी माशांना उपयोगाची राहिले नाही. इल्पोनं दुसरी काठी आणली, फार विचार न करता, याचं थोडं वाईट वाटतं. पण मला खुंटीवर परत टांगलं नाही. मी आता बैठकीत असते, भिंतीच्या आतल्या अंगाला.

कधी आमच्या गावी आलात तर या. कॉफी मिळेल. इल्पो कॅमेऱ्याची गोष्ट सांगेल, हिल्का ती दुरुस्त करेल, इर्या काठीशिवाय चालत येऊन दोघांना खोटं पाडेल. फक्त एक विनंती आहे. त्या स्पर्धेत शेवटी जिंकलं कोण, हे तेवढं विचारू नका. वरून रंगीत कागदांचा पाऊस पडत होता, योरान रडत होता, आनंदानं की दुःखानं कोण जाणे. आमच्यापैकी एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं. आम्ही फोनवर होतो.