लोकेशच्या सिनेमातला बांबू

मी एक बांबू. आमच्या भागात बांबूला काय तोटा, म्हणून माझी गोष्ट कुणी विचारत नाही. पण मी सिनेमात काम केलंय. हसू नका, खरंच केलंय.

भामरागडच्या पलीकडे एका लहान गावाजवळ माझं बेट होतं. लालसूभाऊने मला तोडलं, पेरं तासून गुळगुळीत केली आणि चिंचा झोडायला बायकोच्या, म्हणजे मंगलीबाईच्या, हवाली केलं. मी चिंचा पाडल्या, कोंबड्या हाकलल्या, वाळत घातलेली लुगडी पेलली. बरं चाललं होतं.

मग एक दिवस जीपमधून सिनेमावाले आले. सिनेमावाले म्हणजे तिघेच. नागभीडचा लोकेश, आधी लग्नाचे व्हिडिओ काढायचा, आता स्वतःचा पहिला सिनेमा करत होता. त्याचा धाकटा भाऊ रोशन, शाळा अर्ध्यात सोडलेला, डोक्याने गरम. आणि चंद्रपूरचे जहीरभाई, कॅमेरा त्यांचा. माईक लावायची एक दांडी त्यांनी आणली होती, पण रोशन वाटभर तिच्यावरच झोपून आला. उतरला तेव्हा तिचं धनुष्य झालं होतं.

"आता माईक का तुया नाकाले बांधू?" लोकेश म्हणाला.

रोशनने इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं आणि निघालासुद्धा. विचारणं-बिचारणं त्याच्या स्वभावात नाही.

"अरे ए पोट्ट्या, माया बांबू कुठी नेऊन राह्यला?" मंगलीबाई मागे धावली.

"सिनेमात, बाई!"

"मंग मले बी ने!"

अशी मंगलीबाईही सिनेमात आली. शेजारणीचं काम तिला मिळालं आणि तिचं घर सिनेमातल्या आईचं झालं. सायकलच्या ट्यूबने माझ्या टोकाला माईक बांधला. रोशन मला डोक्यावर धरून उभा राहायचा. तेव्हापासून मला कान फुटले.

लोकेशची गोष्ट साधी होती. एका बाईचा मुलगा मिरची तोडायला तेलंगणात जातो आणि परत येत नाही. आईच्या कामाला वडशाहून अंजनाबाई आल्या होत्या. झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांचं आयुष्य गेलेलं. ती नाटकं रात्रभर चालतात, मांडव गच्च भरलेला असतो, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची त्यांना सवय. पहिल्या दिवशी त्यांनी मुलाला हळूच हाक मारली, तर चिंचेवरचे सगळे पोपट उडाले.

लोकेश पोट धरून हसला. मग मला त्यांच्या डोक्याशी आणून म्हणाला, "बाई, मागच्या रांगेतला माणूस आज उठून तुमच्याजवळ आला असं समजा. त्याच्या कानात सांगा."

अंजनाबाईंनी मान वर करून मला नीट पाहिलं. पुढे त्या सगळ्या सिनेमाभर माझ्याशीच बोलल्या.

सिनेमा करणं म्हणजे काय, ते मी वरून पाहिलं. बॅटऱ्या चार्ज करायला विजेचा भरवसा नाही. जनरेटर लावला तर त्याचीच घरघर माईकमध्ये, म्हणून त्याला नाल्यापलीकडे हद्दपार केलेलं. मोहफुलं पडू लागली तसं अख्खं गाव पहाटेच ती वेचायला रानात. बाजाराचा प्रसंग घ्यायचा तर बाजाराला माणूसच नाही. मुलाचं काम करणाऱ्या दसरूचं मधेच लग्न झालं आणि तो मिशी काढून आला. त्यानंतर सिनेमात दसरू फक्त पाठमोरा दिसतो.

शेवटचा एकच प्रसंग उरला आणि पाऊस लागला. पुलावरून पाणी, रस्ता बंद व्हायची वेळ. "पाणी उतरलं का येतो," म्हणून लोकेश गेला. मी वळचणीला गेलो.

दिवाळीनंतर जीप आली, अंजनाबाईंनाही घेऊन. लोकेश नव्हता. पावसाळ्यात त्याला ताप आला, ताप मेंदूत गेला आणि तो वाचला नाही, एवढंच जहीरभाईंनी मंगलीबाईला हळू आवाजात सांगितलं. रोशन सरळ माझ्याकडे आला आणि मला पुसू लागला. जरा जास्तच वेळ पुसत राहिला.

हातात एकच दिवस होता. संध्याकाळी अंजनाबाईंना न्यायला नाटक कंपनीची गाडी येणार होती, मग होळीपर्यंत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. जहीरभाईंचा कॅमेरा लग्नांना कबूल झालेला. आज जमलं नाही तर सगळी पुन्हा एकत्र येतील याची खात्री कुणालाच नव्हती. दादाचा सिनेमा शेवटावाचून पडून राहील, एवढं रोशनला कळत होतं.

आणि समोर घर पाहतो तर काय! मंगलीबाईने ते लख्ख सारवून भिंतींना निळा रंग दिला होता.

"बाई! हे काऊन केलं वो?"

"काऊन म्हणजे? सिनेमात माया घर घाण दाखवू का?"

"त्या आईचा पोरगा आला नाई! ते माय घर रंगवन का?"

"रडणाऱ्या बाईचं घर घाणच असते, हे तुले कोणं सांगितलं?"

रोशनने जीपला जोरात लाथ मारली आणि मग पाय धरून खाली बसला. आधी अंजनाबाई हसल्या, मग जहीरभाई, शेवटी रोशनही. गावाने मिळून ते सुंदर घर बिघडवायला घेतलं. सगळ्यात जास्त चिखल मंगलीबाईनेच फासला, तोंडाने शिव्या देत.

ऊन उतरायला लागलं. लिहिलेलं वाचायला रोशनला वेळ लागतो, पण ही गोष्ट त्याला पाठ होती. मोटारसायकलवर मागे बसवून दादाने ती कितीदा तरी सांगितली होती.

"बाई, सोबतचे पोरं परत आले. तुमचा नाई आला. त्यायनं त्याची थैली आणून देली. बस."

"मी रडू का?"

"मले नाई माहीत, बाई. मी अजून..." त्याने मला उचलून डोक्यावर धरलं. "तुम्हीच पाहा."

अंजनाबाई थैली घेऊन ओट्यावर बसल्या. आतला शर्ट काढला, झटकला, घडी घालू लागल्या. "घातलाच नाई पोट्ट्यानं," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "नवा म्हणून जपून ठेवला." घडी मोडली, पुन्हा घातली. कॅमेऱ्यामागे सगळं गाव दाटीने बसलं होतं.

तेवढ्यात म्हातारे पत्रूभाऊ उठले. झाडीपट्टीत काम आवडलं की प्रेक्षक नाटक चालू असतानाच रंगमंचावर जातो आणि नटाच्या हातात बक्षीस ठेवतो. पत्रूभाऊंचा जन्म नाटकं पाहण्यात गेलेला. ते डोळे पुसत सरळ कॅमेऱ्यासमोर गेले आणि एक चुरगळलेली नोट अंजनाबाईंच्या हातात ठेवली.

जहीरभाईंनी जीभ चावली. थांबवू का, म्हणून रोशनकडे पाहिलं. एरवी रोशनने गाव डोक्यावर घेतलं असतं. आज तो हललाच नाही.

अंजनाबाईंनी नोट कपाळाला लावली. नाटकात त्यानंतर देणाऱ्याचं नाव मोठ्याने पुकारतात. त्यांनी पुकारलं नाही.

"भाऊ, जेवून जा," त्या म्हणाल्या. "भात जास्त झाला आज."

पत्रूभाऊ खरंच त्यांच्याशेजारी टेकले. दोघं न बोलता बसून राहिली, ऊन भिंतीवरून खाली सरकत गेलं. थांबा, असं कुणी म्हणेना. शेवटी बॅटरीच संपली.

"मी मधात आलो का गा?" पत्रूभाऊ दचकून म्हणाले.

"हाव बुढा, मधातच आला," रोशनने त्यांना घट्ट धरलं. "बरं झालं आला."

"अरे यार, पिक्चर पूरा हो गया!" जहीरभाई ओरडले. अंधार पडायच्या आत गाडी येऊन अंजनाबाईंना घेऊन गेली.

मंगलीबाईने मला रोशनला देऊन टाकलं. आता मी नागभीडला त्याच्या खोलीत कोपऱ्यात उभा असतो. सिनेमा चंद्रपूरला जहीरभाईंची मुलगी मदीहा जोडतेय. परवा तिचा फोन आला. "रोशनभाई, शेवटच्या सीनमध्ये वरून बांबू आत आलाय. काढून टाकू?"

"राहू दे," तो म्हणाला.

माईक आणि त्याची दांडी चित्रात दिसू नये, हा या धंद्यातला पहिला नियम. तुम्ही सिनेमा पाहाल तेव्हा शेवटी वरच्या कडेला एक पिवळं टोक हळूहळू खाली येताना दिसेल. तो मी. कृपा करून हसू नका. मला धरणाऱ्याला त्या वेळी समोरचं काही दिसत नव्हतं.