छत्तीस हजार पौंड माझ्या नावावर

"ऐक थेल्मा," नॉरिस म्हणाला. त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार कोरी क्रेडिट कार्डं पत्त्यांसारखी मांडली होती. "हे चौघे मला नऊ महिने पैसे वापरायला देतायत. व्याज शून्य. मी ते उचलायचे आणि पतपेढीत ठेवायचे. पतपेढी देते पाच टक्के. नऊ महिन्यांनी ज्याचं मुद्दल त्याला परत, आणि मधलं व्याज आपलं!"

"बँकवाल्यांना हे कळत नाही?"

"कळतं की. पण त्यांना वाटतं, माणसं वेंधळी असतात. हप्ता विसरतील, तारीख चुकवतील. मी वेंधळा आहे का?"

नव्हता हो. माझा नवरा कीथलीत अठ्ठावीस वर्षं गाडीच्या परवान्याची परीक्षा घेत होता. आरशात बघितलं नाही म्हणून त्याने पाद्र्यालासुद्धा नापास केलं होतं. घरातही तेच. भाजी परतताना मी वळले की मागून आवाज यायचा, "वळण्याआधी बघितलं नाहीस, थेल्मा."

त्या व्याजातून त्याला सुट्टीत गाडीमागे ओढून न्यायच्या कॅरव्हॅनला लावायचा मांडव घ्यायचा होता, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. मला ती कॅरव्हॅनच डोळ्यांसमोर नको, त्यात तिचा मांडव! पण मला विचारतो कोण? दोन हजार पाच साल होतं, आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि कुठे जायचं हा प्रश्न त्याने मला एकदाही विचारला नव्हता. गाडी त्याची, चाकही त्याच्याच हातात.

माझी बहीण मुरियल डोंगरापलीकडे एका आडबाजूच्या शेतावर एकटीच राहते. तिचा नवरा गेला, मग कंबर गेली. तिच्या गावाला बस फक्त मंगळवारी, तीही तीनदा बदलून. नॉरिस मला वर्षातून दोनदा न्यायचा, ईस्टरला आणि नाताळात. स्वतः बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचा आणि सव्वा तास झाला की हॉर्न वाजवायचा. मुरियल दारात उभी राहून हात हलवायची आणि मी मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचे. बावीस वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं, मला गाडी शिकव. तो म्हणाला, "एका घरात एक ड्रायव्हर पुरे."

तर पैशांचं. नॉरिस कमावता, म्हणजे त्याच्या व्याजावर कर. माझी कमाई शून्य, म्हणून माझ्या व्याजावर कर नाही. मग काय, कर्ज सगळं त्याच्या नावावर आणि पैसे सगळे माझ्या! शिवाय पाव टक्का जास्त मिळतो म्हणून त्याने पतपेढी शोधली ती थेट मोरलँड, म्हणजे डोंगरावरचा ओसाड माळ, ओलांडून रेव्हनबेकला, तीस मैलांवर. तिथे सगळं जुन्या पद्धतीचं. पासबुक घेऊन स्वतः जायचं आणि खिडकीशी सही करायची. सही माझी.

पासबुक आलं त्या दिवशी मी ते उघडलं आणि स्वयंपाकघरात फुगडी घालावी असं वाटलं. छत्तीस हजार पौंड! मिसेस थेल्मा हॅलिवेल! जन्मभर मी घरखर्चाच्या डब्यातली चिल्लर मोजलेली बाई. मी पासबुक शिवणाच्या डब्यात ठेवलं आणि दिवसातून चार वेळा बघितलं. नॉरिसने एकदाही बघितलं नाही. त्याच्याकडे वही होती. "गणित चुकत नाही," म्हणायचा, आणि महिन्याला दीडशे पौंड वहीत लिहायचा.

दुसऱ्या महिन्यात मी आउथवेट बाईंना फोन केला. त्या गाडी शिकवायच्या, तासाला वीस पौंड.

मुद्दलाला मी हात लावला नाही, आईशप्पथ. फक्त व्याज. बँकेच्या पैशावर नॉरिस उदार, नॉरिसच्या व्याजावर मी. हलवायाच्या घरावर आम्ही दोघंही तुळशीपत्र ठेवत होतो, मीच एकटी काय म्हणून लाजू? महिन्यातून एकदा माझा धडा म्हणजे रेव्हनबेकला जाऊन पैसे काढणं. पहिल्यांदा मी एका मेंढीसाठी इतक्या जोरात ब्रेक मारला की आउथवेट बाईंचा चष्मा पुढे जाऊन पडला. "छान," त्या म्हणाल्या, "आता मेंढी जिवंत आहे आणि आपणही." छान! मला कोणी गाडीत छान म्हटलं होतं का कधी? मी तिथेच गाडी थांबवून रडले.

परीक्षा मी हॅरोगेटला दिली, नॉरिसपासून दूर. दोनदा नापास झाले आणि तिसऱ्यांदा पास. परवाना पर्समध्ये घेऊन तीन आठवडे फिरत होते. सांगायची हिंमत होत नव्हती. सांगितलं की पैसे कुठून आले हे निघणार, आणि मग मांडवाचं काय झालं तेही निघणार. पण मुरियलला फोनवर सांगितलं होतं. तिने मला ते दोनदा परत सांगायला लावलं. मग म्हणाली, "कधी येतेस?"

आणि मग तो शुक्रवार आला.

पैसे परत भरायची मुदत सोमवारी संपत होती. शुक्रवारी खिडकीवर भरले तर सोमवारी जमा होणार. आधी भरले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही, नॉरिसला शेवटच्या दिवसाचं व्याजही हवं होतं! एवढी रक्कम काढायची म्हणून पतपेढीला नोटीस दिली होती, चार ड्राफ्ट तयार होते, साडेतीनला खिडक्या बंद, त्याच्या आत माझी सही हवी होती. चुकलं तर सगळ्या रकमेवर एकोणीस टक्के, म्हणजे नऊ महिन्यांची कमाई तीन महिन्यांत स्वाहा.

सकाळी जवळच्याच डोळ्यांच्या दवाखान्यात त्याची वेळ होती, आम्ही चालतच गेलो. पंधरा महिने वाट बघून मिळालेली, म्हणून सोडवेना. नर्सने डोळ्यांत थेंब घातले आणि मग सांगितलं, संध्याकाळपर्यंत गाडी चालवायची नाही. बाहेर आला तेव्हा त्याच्या बाहुल्या घुबडासारख्या झाल्या होत्या. घरी येऊन त्याने टॅक्सीवाल्यांना फोन लावले. यॉर्कला घोड्यांच्या शर्यती, एकही टॅक्सी मोकळी नाही. शेजारी स्पेनला गेलेले. बस पोचणार चार दहाला.

तो पायरीवर बसला. पिवळा पडला होता. "थेल्मा, छत्तीस हजार गं," म्हणाला. "मी क्लबात सगळ्यांना सांगितलंय."

मला त्याची दया आली. आणि खरं सांगू? मनातल्या मनात गुदगुल्याही झाल्या.

"ऊठ," मी म्हटलं. "मी चालवते."

"काय चालवतेस?"

मी पर्समधून परवाना काढून त्याच्या नाकासमोर धरला. त्याला अक्षर दिसेना. हात लांब करून, जवळ आणून, तिरका धरून बघितला.

"हा कोणाचा?"

"माझा."

"कोणी पास केलं तुला?"

"हॅरोगेटच्या फेअरक्लॉने."

"फेअरक्लॉ! तो तर कपाटालाही पास करेल!"

"मग कपाटाबरोबर जा. सव्वा एक वाजलाय."

"विमा?"

"महिन्याचा काढलाय, माझ्या नावावर."

तो बसला. काळा चष्मा लावून, हात मांडीवर ठेवून. नाक्यापर्यंत मी दुसरा गिअर सोडला नाही. मग चढण लागली, दोन्हीकडे मोरलँड उघडं पडलं, आणि मला जे काय झालं ते कसं सांगू! अठ्ठावीस वर्षं जगाच्या चुका टिपणारा माणूस माझ्या शेजारी बसलाय आणि त्याला काही म्हणजे काही दिसत नाहीये!

"समोर काय आहे?" तो विचारायचा.

"मेंढ्या."

"किती?"

"थांबून मोजू का?"

त्याचा उजवा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबत होता. "मागे बघितलंस?" तो म्हणाला. "बघितलं." "खरंच?" "नॉरिस, मागे एक ट्रक आहे, त्याच्या मागे कीथली आहे, आणि तुला उतरायचं असेल तर पुढे दलदल आहे." मला इतकं हसू फुटलं की वळणावर मी मोठ्यांदा गायलाच लागले, आणि माझा गळा कसा आहे हे गावाला माहीत आहे. उतारावर तोही एकदा हसला. लगेच खोकला केला, पण मी ऐकलं होतं.

तीनला दहा मिनिटं कमी असताना पतपेढीच्या खिडकीशी उभे राहिलो. मी सही केली. खिडकीतल्या बाईंनी चार ड्राफ्ट दिले आणि पासबुक भरून पुढे सरकवलं. नॉरिसने ते डोळ्यांशी नेलं, दूर नेलं, आणि माझ्या हातात दिलं.

"मला दिसत नाहीये. वाच. व्याज तेराशे पन्नास असायला हवं."

मी पासबुक धरून उभी. 'तेराशे पन्नास' म्हटलं असतं तर निदान संध्याकाळपर्यंत तरी निभावलं असतं. मांडवाचं पुढे काहीतरी बघितलं असतं. पण सगळा डोंगर मी न घाबरता उतरून आले होते, आणि आता खोटं बोलायचं म्हणजे पुन्हा त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसायचं.

"तीनशे बारा," मी वाचलं.

"नीट वाच."

"नीटच वाचतेय. सातशे वीस छत्तीस धड्यांचे. एकशे पस्तीस तीन परीक्षांचे. अडतीस परवान्याचे, नव्वद विम्याचे. आणि पंचावन्न या बुटांचे."

खिडकीतल्या बाई एकदम टाचण्या मोजायला लागल्या. चारचौघांत आवाज चढवणं आमच्याकडे खुनाहून वाईट. नॉरिस त्यांना "थँक यू" म्हणाला आणि भिंत चाचपत बाहेर गेला. समोरच्या बँकेत आम्ही चारही ड्राफ्ट त्या त्या कार्डाच्या खात्यावर भरले. पावत्या मी त्याच्या खिशात घातल्या. कर्ज फिटलं, एक पौंडही दंड नाही. तो गाडीशी येऊन उभा राहिला.

"मागायचे होतेस," तो म्हणाला.

"मागितलं होतं. पैसे नव्हते मागितले, तुला म्हटलं होतं मला शिकव. बावीस वर्षं झाली."

"मी काय म्हणालो होतो?"

मी सांगितलं. त्याला आठवतही नव्हतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. तसं मी बोलूनही दाखवलं. त्याने काळा चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि परत लावला. मग गाडीला वळसा घालून डावीकडच्या दारापाशी गेला, चाचपडत आत बसला आणि पट्टा लावला.

"छान चालवलीस," तो म्हणाला. "मेंढ्यांपाशी जरा जोरात होतीस." मग घसा साफ केला. "कुठे जायचं?"

मी म्हटलं, मुरियलकडे, अकरा मैल. आणि तू बाहेर बसायचं नाहीस, आत यायचंस, चहा प्यायचास, आणि मी निघू म्हणेन तेव्हाच निघायचं. बोलता बोलता मला मेलं रडूच आलं, पण समोरून ट्रॅक्टर येत होता, म्हणून आवरलं आणि गिअर टाकला.