चाळीस कणसांच्या गाठी

सर्जेराव शेठच्या बियाणे कंपनीत परदेशी भांडवल येणार, ही बातमी जालन्यात सगळ्यांना गोड लागली. एकट्या रायभानला ती कडू लागली. तो तिथला संशोधन सहायक. बहात्तरच्या दुष्काळानंतर चार वर्षं तो खोडमाशीला दाद न देणारी ज्वारी घडवत होता, आणि यंदा कुठे चाळीस कणसं मनासारखी भरली होती.

"बी तिकडून आयतं येणार, रायभान," शेठ म्हणाले. "आपण नुसतं वाढवायचं अन् इकायचं. करारातच हाये. तुझा ज्वारीचा तुकडा नांगरून टाक."

"तिकडं आपली माशी हाये का, शेठ?"

"सही होऊन गेली आता."

"मंग कणसं तरी मला द्या."

"खुशाल ने. पण रजिस्टर कंपनीचं. त्याला बिलकुल हात लावायचा न्हाई."

दानशूर कर्णाचा आव आणून शेठ निघून गेले. खरी मेख रजिस्टरातच होती. कणसांवरच्या कागदी पिशव्यांवर नुसते आकडे. कोणत्या आकड्याचे आईबाप कोण, ते रजिस्टरात. त्याशिवाय ती कणसं म्हणजे चार भाकरींचं पीठ.

रायभान डोकं धरून बांधावर बसला. पिशव्या बांधणाऱ्या बायांची मुकादम जयवंताबाई कणसं कापत होती. तिची रोजंदारीही उद्यापासून बंद होती.

"काय झालं, भाऊ?"

"रजिस्टर कंपनीच्या कपाटात राह्यलं, मावशी. आता कोणतं कणीस कशाचं, कसं कळावं?"

"आम्हाला कुठं आकडे वाचता येतेत? तुम्ही सांगायचे, ह्याच्या फुलोऱ्याची भुकटी त्याला लावा. इसरू नये म्हून मी दोऱ्याला गाठी मारल्या." तिने पिशवी पुढे धरली. "वरल्या गाठी मायच्या, खालच्या बापाच्या. तीन गाठी म्हंजी भोकरदनची ज्वारी, ती माय; दोन म्हंजी वडीगोद्रीची, तो बाप."

रायभानने दोरा चाचपला. रोज डोळ्यांसमोर असलेला दोरा त्याने कधी पाहिलाच नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि हुरूपही आला.

"पेरायचं कुठं?"

"माझ्या गायरानाच्या तुकड्यात. माशी तिथं बी बक्कळ हाये."

त्याच दुपारी तो नवी वही घेऊन तिच्या अंगणात बसला. जयवंताबाईने पहिली पिशवी उचलली आणि वहीकडे बोट केलं.

"हे रजिस्टर कुणाचं?"

"आपलं."

"तोंडी न्हाई चालायचं. माझं नाव टाका."

रायभानने पहिल्या पानावर तिचं पूर्ण नाव लिहिलं, खाली आपलं. ते तिने त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"आता बराबर लिहा," ती म्हणाली. "वर तीन गाठी, खाली दोन."