बाराही ठिकाणी चाळीस

जर्मनीतल्या राथेनो गावच्या दुर्बिणीच्या कारखान्यात काच तपासणारी रोझविटा पुरती चक्रावली होती. तिनं पास केलेली भिंगं इर्मगार्डच्या हातून पितळी कड्यात बसत नव्हती, मध्येच अडकून त्यांचे टवके उडत होते. वीस वर्षं जोडणीवर बसलेल्या बाईचं असं होतंच कसं? जोडणीखात्याच्या मास्तर प्रील्विट्सनी खापर इर्मगार्डच्या हातांवर फोडलं आणि सोमवारपासून तिला पॅकिंगला धाडायचं ठरवलं. रोझविटानंही मान डोलावली. माप खोटं बोलत नाही, असं तीच चारचौघांत म्हणाली होती.

तरी मन खात होतं. अडकलेलं एक भिंग घेऊन तिनं मायक्रोमीटरच्या चिमटीत आरपार मोजलं. चाळीस. जरा फिरवलं, चाळीस. असं काठावर बारा ठिकाणी मोजलं, बाराही ठिकाणी चाळीस मिलिमीटर. कडं मोजलं, ते केसभर मोठं, हवं तसंच. मायक्रोमीटर बदलला, चष्मा पुसला, डब्यातला पाव तसाच ठेवून पुन्हा मोजलं. आता काय, कपाळ फोडून घ्यायचं?

काहीच सुचेना, तेव्हा तिनं भिंग लोखंडी ठोकळ्याच्या व्ही आकाराच्या खाचेत उभं केलं, वरून बारीकसा उंचसखलपणा काट्यानं दाखवणारा डायल गेज टेकवला आणि हळूहळू फिरवलं. काटा चढला, उतरला. एका फेरीत तीनदा. पुन्हा फिरवलं, पुन्हा तीनदा. काच गोल नव्हतीच मुळी! तिला तीन फुगवटे होते आणि प्रत्येकाच्या समोरची बाजू नेमकी तेवढीच दबलेली, म्हणून चिमटीत कुठूनही धरा, माप चाळीसच; गोल कड्यात मात्र फुगवटे अडकणारच. मार्चमध्ये आलेल्या काठ घासायच्या नव्या यंत्रात काच पेलणारा टेकू चुकीच्या उंचीवर बसला होता आणि तेव्हापासूनची सगळी भिंगं रोझविटानंच पास केली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं मास्तरांना बोलावून काटा दाखवला. त्यांनी स्वतः भिंग फिरवून पाहिलं, मग म्हणाले, सोमवारचं रद्द. जुन्या यंत्रावरचं, खरंच गोल असलेलं भिंग घेऊन रोझविटा तडक इर्मगार्डकडे गेली.

"चूक तुझी नव्हती गं. माझं मोजणंच चुकलं. हे बसव बघू."

इर्मगार्डनं भिंग उचललं. कड्यापाशी नेताना तिची बोटं थरथरायला लागली. भिंग काठावर टकटकलं. तिनं दुसऱ्या हातानं मनगट आवळून धरलं, तरी ते आत जाईना.

"असं आधी नव्हतं होत," ती म्हणाली. "तुम्ही सगळे माझ्या हातांकडे बघायला लागलात ना, तेव्हापासून होतंय."

रोझविटानं भिंग तिच्याकडून घेतलं आणि स्वतः बसवून पाहिलं. ते अलगद आत गेलं.