पहिला कप

बबीच्या दुकानाला कुलूप लावायचं आणि तिला आपल्या घरी घेऊन यायचं, असं मनाशी पक्कं करूनच मी निघालो होतो. बबी म्हणजे माझी धाकटी बहीण. वय अठ्ठावन्न, पण लहानपणी चिकटलेलं नाव अजून सुटलेलं नाही. सात महिन्यांपूर्वी तिला ताप आला आणि त्यात चव आणि वास दोन्ही गेले. डॉक्टरांनीही आता हात टेकले होते. आणि ही बाई चालवत होती काय, तर कॉफीचं दुकान. शिवाय काउंटरवर पाव, चीज, मांसाचे काप, मुरवलेल्या काकड्या आणि रोजचं ताजं सूप. उद्या कुणाला बाधलं म्हणजे? निघताना बायको म्हणाली, जरा गोडीने घ्या. मी म्हटलं, चौतीस वर्षं दुकानांची वजनमापं तपासण्यात गेली, दुकानदाराशी गोडीने बोलायची मला सवय नाही.

दुकान मी प्रथमच पाहत होतो. मेहुणे गेल्यावर तिने ते काढलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं, आणि एकदा मुरडलेलं नाक सरळ करायला आमच्या घराण्यात वेळ लागतो. उतरत्या गल्लीच्या टोकाला, दवाखान्याला लागून दोन खणांची जागा. सात टेबलं, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, पण डुगडुगणारं एकही नाही. मी प्रत्येकाला हात लावून पाहिला. खिडकीपाशी उन्हाचा पट्टा आणि त्यात चष्मा कपाळावर ठेवून डुलक्या घेणारे एक आजोबा. त्यांना कुणी उठवत नव्हतं. सवयीने मी काउंटरवरच्या काट्याकडे वळलो. चीजचा तुकडा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. केसभराचाही फरक नाही. कबूल करतो, मला बहिणीचा अभिमान वाटला, आणि त्याचा रागही आला.

तिचं काम पाहायला मी कोपऱ्यात बसलो. कॉफीच्या बिया भाजताना ती कढईवर कान लावल्यासारखी उभी राहायची. पहिला तडतडाट झाला की घड्याळ बघायची, दुसरा सुरू व्हायच्या आत आच बंद. पाव भाजला गेला की नाही ते बुडावर टिचकी मारून ठरवायची. प्रत्येक बरणीवर तारखेची चिठ्ठी, आणि तारीख उलटली की बरणी रिकामी, मग आतला माल कितीही चांगला दिसो. इतकं नेटकं काम मी सरकारी प्रयोगशाळेतही पाहिलं नव्हतं.

पण चवीचं काय, हे मी विचारलंच. तेव्हा तिने दुकानाचा रिवाज सांगितला. सकाळी जो पहिला येईल त्याला पहिला कप फुकट. मात्र प्यायल्यावर खरं ते सांगायचं. सूप अकरा वाजता समोरचा शिंपी चाखतो. पहिला कप बहुधा पहिली बस नेणाऱ्या ड्रायव्हरबाईंच्या वाट्याला येतो, आणि त्या बाईंच्या जिभेला हाड नाही. मागच्याच आठवड्यात त्या करपलीय म्हणाल्या आणि बबीने भाजलेला अख्खा डबा टाकून दिला. लोक तोंडदेखलं बोलतात गं, मी म्हणालो. बबी नुसती हसली.

दुकानावरच्या तिच्या खोल्यांत तीन दिवस राहिलो. रोज ठरवायचो, आज विषय काढायचा. रोज कुणीतरी यायचं, पावाचा तुकडा मोडत आपल्या सुनेचं गाऱ्हाणं सांगायचं, आणि बबी सुरी थांबवून ऐकायची. दुकान बंद कर हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. खरं सांगायचं तर मीच त्या जागेच्या प्रेमात पडलो होतो.

चौथ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी खाली उतरलो. बबी म्हणाली, आज तू पहिला. कप समोर ठेवला आणि हातातल्या फडक्यासकट उभी राहिली.

घोट घेतला आणि कळलं. साबण. आदल्या संध्याकाळी तिने कॉफीचं मशीन पावडर घालून धुतलं होतं, पुन्हा खळबळायचं राहिलं होतं. मी ज्यासाठी आलो होतो तो पुरावा माझ्या जिभेवर होता. एक शब्द बोललो असतो तर काम फत्ते. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि मला ते कुलूप नको झालं होतं. छापे घालताना चेहरा दगडासारखा ठेवायला मी शिकलेलो होतो.

"फक्कड झालीय," मी म्हणालो.

बबीचा चेहरा उजळला आणि तिने दवाखान्याच्या ऑर्डरचे बारा कप भरायला घेतले. याचा मी विचारच केला नव्हता. आता काय करावं, ट्रेला धक्का मारावा की काय, असं मनात येतंय तोच ड्रायव्हरबाई आल्या. त्यांनी ट्रेमधलाच एक कप उचलला, घोट घेतला आणि सरळ जाऊन बेसिनमध्ये थुंकल्या.

"साबण आहे बबी यात. मशीन खळबळलं नाहीस."

बबीने बाराही कप एकेक करून ओतून दिले. मग माझ्याकडे वळली.

"दादा, तुला कळलं नाही?"

वय झालं, जीभ गेली, असं काहीही सांगता आलं असतं. पण एका सकाळी दोनदा खोटं बोलणं माझ्याच्याने होईना.

"कळलं होतं. तुझं दुकान बंद पडू नये, असं वाटलं."

"दुकान बंद पडलं असतं ते तुझ्यामुळे," ती शांतपणे म्हणाली. "मला कळत नाही, पण इथे मला खरं सांगणारी माणसं आहेत. म्हणून मी उभी आहे. तू मला न्यायला आलायस, ते पहिल्याच दिवशी ओळखलं मी. पण तुझ्या घरी मी काहीही रांधलं, तरी सगळे छानच म्हणाल. मग मला कधी काही कळणारच नाही."

मशीन चार वेळा खळबळून झालं. नवा कप तिने ड्रायव्हरबाईंपुढे ठेवला आणि त्या बरी आहे म्हणाल्यावर पुन्हा बारा कप भरले. मी घरून निघायच्या आदल्या दिवशी बायकोचं, मुलाचं आणि माझं अगदी हेच ठरलं होतं: बबी काहीही रांधो, आपण छान म्हणायचं.